आधी तू उतर, मग पोराला उतरव

पत्र :

"मावशी, नमस्कार. माझं माहेर खानापूर तालुक्यातलं, सासर बेळगावातल्या अनगोळचं. वय ३८. मी अकरा वर्षांची असताना माझा थोरला भाऊ मलप्रभेत बुडाला. घाटावर बायका धुणं धूत होत्या, आम्ही भावंडं काठावर होतो. तो पाण्यात खेळायलाय असंच सगळ्यांना वाटलं. त्यानंतर आईनं आम्हाला कधी पाण्याजवळ फिरकू दिलं नाही आणि मीही माझ्या पोरांना दिलं नाही. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी पाचची. आता गल्लीतल्या बायकांनी ठरवलंय की यंदा सुट्टीत मुलांना पोहण्याच्या तलावावर शिकायला घालायचं, आपणही बायकांच्या बॅचला जायचं आणि उरलेले दिवस सकाळी मैदानावर व्यायाम करायचा. माझे गुडघे दुखतात, डॉक्टरांनीही पाण्यातला व्यायाम सुचवलाय. सासूबाई म्हणतात, पोराला हवं तर धाड, बाईमाणसानं आणि पोरीनं हे काय नवीन. मला तर कुणीच जायला नको असं वाटतं. त्यात गेल्या आठवड्यात मुलाच्या दप्तरात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली ओली चड्डी सापडली. मित्रांबरोबर वीटभट्टीच्या खड्ड्यात उतरला होता. मी त्याला मारलं आणि रात्रभर जागी राहिले. काय करू?" — अनगोळची एक आई (नाव छापू नये)

उत्तर :

मावशी म्हणालीस, म्हणून तुला 'तू'च म्हणते.

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या ओल्या चड्डीपाशी थांबले. नऊ वर्षांचं पोर चड्डी पिळतं, पिशवीत घालतं, पिशवीला गाठ मारतं आणि पुस्तकांच्या मागे सारतं. म्हणजे आईला काय वाटेल हे त्याला पक्कं ठाऊक आहे आणि तरीही पाण्यानं त्याला ओढून नेलं. तू विचारतेस, पोराला पाण्यात घालू का. अगं, तो गेलाच आहे पाण्यात. आता तुझ्या हातात एवढंच आहे की पुढच्या वेळी तो कुठल्या पाण्यात उतरेल आणि तेव्हा काठावर कोण असेल.

आपला मुलूख जरा डोळ्यांपुढे आण. कणकुंबीहून निघालेली मलप्रभा तुझ्या माहेरावरून जाते. मार्कंडेय नदीवर राकसकोप, घटप्रभेवर हिडकल. निपाणीकडे वेदगंगा आणि दूधगंगा, चिकोडी-अथणीकडे कृष्णा. शिवारात विहिरी. कोरडवाहू भागात आता कृषी होंड, म्हणजे शेततळी, झालेत. त्यांना आतून प्लास्टिक अंथरलेलं असतं आणि ओल्या प्लास्टिकवरून घसरलेल्या माणसाला चांगलं पोहता येत असलं तरी वर चढता येत नाही. आणि हे वीटभट्टीचे खड्डे. माती काढून नेलेली, काठ उभा कापलेला, तळाला गाळ, खोली कुणालाच माहीत नाही. पावसाळ्यानंतर महिनोन्‌महिने त्यात पाणी राहतं. २०१९ च्या ऑगस्टात तर नद्याच गावागावांत शिरल्या होत्या. अशा भागात पोराला पाण्यापासून लांब ठेवीन म्हणणं कुठल्याच आईला जमणार नाही. तुझ्या आईला जमलं, कारण तू मुलगी होतीस आणि घरात राहिलीस.

आता भावाबद्दल लिहिते. तो भाग वगळून पुढं जाता येणार नाही.

'खेळायलाय असंच वाटलं' हे तुझे शब्द. बुडणं असंच दिसतं. सिनेमात माणूस हात वर करून 'वाचवा वाचवा' म्हणून ओरडतो, खऱ्या पाण्यात तसं होत नाही. तोंड पाण्याच्या वर येतं तेवढ्या क्षणात कसाबसा श्वास घेता येतो, ओरडायला श्वासच उरत नाही. हात वर जात नाहीत, कारण ते आपोआप दोन्ही बाजूंना पाणी खाली दाबत असतात. अंग उभं राहतं, डोकं मागे पडतं, केस डोळ्यांवर येतात. बघणाऱ्याला वाटतं पोर उभ्याउभ्या डुंबतंय. काही सेकंद, फार तर मिनिटभर हे चालतं आणि मग माणूस खाली जातो. दहा पावलांवर धुणं धुणाऱ्या बायकांना काही ऐकू आलं नाही, कारण ऐकू येण्यासारखं काही नव्हतंच. त्यांचं चुकलं नाही. तुझंही चुकलं नाही. इतकी वर्षं मनात कुठेतरी 'मी तिथंच होते' हे घेऊन फिरत असशील तर ते आज खाली ठेव. अकरा वर्षांच्या पोरीला ते ओळखता येणं शक्य नव्हतं. आता मात्र तुला माहीत झालंय, आणि हे तुझ्या पोरांना सांगायचंय : पाण्यातला मित्र गप्प झाला, हाकेला ओ देईना, तर तो खेळत नाही.

माझं सांगते. आमच्या गावात मुलगे विहिरीत पोहायला शिकले. काका पाठीला पत्र्याचा डबा बांधायचा, कमरेला दोर, आणि वरून सोडायचा. मुटके मारण्याच्या पैजा लागायच्या. मी आणि माझी चुलतबहीण काठावर भावांचे कपडे सांभाळत बसायचो. मुलींना कुणी 'ये' म्हटलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. मी पोहायला शिकले ते बावन्नाव्या वर्षी, बेळगावात, बायकांच्या बॅचमध्ये. पहिल्या दिवशी तलावाच्या काठाची दांडी मी इतकी घट्ट धरली होती की बोटांच्या पेरांवर दुसऱ्या दिवशीही वळ होते. पाणी जेमतेम छातीपर्यंत. शिकवणारी बाई हुक्केरीकडची, मराठी कामापुरतं. ती शेजारी उभी राहून एवढंच म्हणत होती, "अंजब्याड्री, उसिरु बिडरी." घाबरू नका, श्वास सोडा. पहिले तीन दिवस तिनं दुसरं काहीच करून घेतलं नाही. तोंड पाण्यात घालायचं आणि नाकातोंडातून बुडबुडे सोडायचे. चौथ्या दिवशी लक्षात आलं की मी आजवर पाण्याजवळ गेले की श्वास कोंडून धरत होते, न्हाणीघरात डोक्यावरून तांब्या ओततानासुद्धा. भीती तिथंच बसलेली असते, छातीत, कोंडलेल्या श्वासात. तो सोडायला शिकलं की निम्मं काम झालं.

म्हणून माझं म्हणणं, आधी तू उतर. मुलांच्या बॅचच्या आठवडाभर आधी, निदान त्याच दिवशी. काठावर उभं राहून पांढऱ्याफटक चेहऱ्यानं बघणारी आई असली की पोर पाण्याकडे बघत नाही, तुझ्याकडे बघतं, आणि तुझ्या तोंडावरची भीती जशीच्या तशी उचलतं. तुझ्या आईकडून तू अशीच उचललीस. तो वारसा इथं थांबवायचा असेल तर तो तुझ्यापासूनच थांबेल.

गुडघ्यांसाठी तर तू जायलाच हवंस. पाण्यात कमरेपर्यंत उभं राहिलं की पायांवर अंगाचं साधारण निम्मंच वजन येतं, छातीपर्यंत गेलं की तिसरा हिस्सा, गळ्यापर्यंत गेलं की दहावा. ज्या गुडघ्यानं जिन्याच्या चार पायऱ्या चढवत नाहीत तोच गुडघा पाण्यात वीस मिनिटं चालतो. त्यात पाणी चारी बाजूंनी अडवतं, त्यामुळे मांड्यांचे स्नायू कामाला लागतात, आणि गुडघ्याचा भार तेच पेलतात. यासाठी पोहता येण्याची गरज नाही. उथळ भागात दांडीजवळ पुढे चाल, मागे चाल, खेकड्यासारखी आडवी चाल. दांडी धरून गुडघा वर घे, पाय मागे ने, अर्धं बसून उठ. सुरुवातीला पंधरा-वीस मिनिटं पुरे. पाण्यात काही जड वाटत नाही म्हणून माणूस पहिल्याच दिवशी तासभर करतो आणि संध्याकाळी पाय उचलवत नाहीत. व्यायामानंतर दोन तासांनीही दुखणं वाढलेलंच असेल तर दुसऱ्या दिवशी कमी कर. दोन महिने नेटानं केल्याशिवाय 'फरक नाही' म्हणून सोडू नकोस. आणि डॉक्टरांना एकदा नीट विचार : रक्तदाब, साखर, हृदय, कानाच्या पडद्याला भोक, आकडी, यातलं काही असेल तर त्यांच्याशी बोलल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही. हे गल्लीतल्या प्रत्येकीनं करायचं.

मैदानावरचा व्यायाम मात्र सोडू नका. पाणी भार हलका करतं, पण हाडांना थोडा भार लागतोच, आणि म्हातारपणी तोल सांभाळायची सवय जमिनीवरच लागते. व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर सकाळी चाला, लेले मैदानावर चाला, गल्लीच्या टोकापर्यंत चाला. मोठ्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी आणि मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तीन दिवस पाणी आणि तीन दिवस जमीन असं केलंत तर त्यातलं बरंचसं आपोआप होतं.

आता सासूबाई. त्यांच्याशी भांडू नकोस, पण मुलीच्या बाबतीत माघारही घेऊ नकोस. नदीवर धुणं घेऊन कोण जातं? विहिरीवर कोण वाकतं? घाटावर पाय घसरतो तो बाईचाच, आणि नऊवारी किंवा साडी भिजली की ती पायांत गुंडाळते, हातपाय हलवू देत नाही. पोहणं पोरग्यानंच शिकावं हे आपल्या बायकांना फार महाग पडलंय, मी हे मनापासून आणि रागानं लिहितेय. पाच वर्षांची मुलगी शिकायला अगदी योग्य आहे, चार वर्षांच्या पुढची बहुतेक मुलं शिकू शकतात. फक्त ती पाण्यात असेल तेव्हा मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवं. दंडाला लावायच्या हवेच्या फुग्यांवर भरवसा ठेवायचा नाही, ते निसटतात, फुटतात, आणि पोराला उगाच वाटतं की आपल्याला येतंय.

कपड्यांचा प्रश्न तू विचारला नाहीस, पण मनात असणार. गुडघ्याखालपर्यंत पाय आणि कोपरापर्यंत बाह्या झाकणारे पोहण्याचे कपडे आता सहज मिळतात. नायलॉनसारखं कापड घ्यायचं. सुती सलवार पाण्यात फुगते आणि पायांत अडकते. डोक्याला टोपी. जायच्या दिवशी केसांना तेल थापायचं नाही, तलावाच्या पाण्यावर तवंग येतो. पाळीचे दिवस असतील आणि आतून वापरायचं साधन चालत नसेल तर ते चार दिवस मैदानावर जा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. सासूबाईंना एक दिवस नुसतं काठावर बसायला घेऊन जा. तिथं त्यांच्या वयाच्या दोघी-चौघी छातीपर्यंत पाण्यात गप्पा मारत चालताना दिसल्या तर तुझं निम्मं बोलणं वाचेल.

पैसे भरायच्या आधी तलाव तुझ्या डोळ्यांनी बघ. गोवावेसचा असो, आणखी कुठला असो, मुलांची बॅच चालू असताना जा आणि अर्धा तास बसून राहा. सगळ्यांत खोल बाजूला तळ स्वच्छ दिसतो का? तळ दिसत नसेल तर तळाशी गेलेलं पोरही दिसणार नाही, तिथूनच परत ये. डोळे चुरचुरवणारा उग्र वास असेल तर पुष्कळांना वाटतं औषध भरपूर घातलंय, पाणी स्वच्छ असणार. खरं तर क्लोरिन घामाशी आणि लघवीशी मिसळला की तो वास येतो. म्हणून उतरायच्या आधी साबण लावून अंघोळ आणि पोराला लघवी, हा नियम तिथं पाळतात का ते बघ. खोलीचे आकडे रंगवलेले आहेत का, दोर-रिंग-लांब काठी भिंतीला हाताशी आहे का. आणि शिकवणाऱ्याखेरीज नुसतं पाण्याकडे बघणारा जीवरक्षक आहे का? शिकवणारा माणूस एका पोराचे पाय धरून उभा असतो, त्याची पाठ बाकीच्या पंधरा पोरांकडे असते. एकाच माणसाला दोन्ही कामं दिलेली असतील तर तिथं पोराला घालू नकोस.

एका तलावावर मी डोळ्यांनी बघितलंय. सहा-सात वर्षांचा एक मुलगा शिडीला धरून रडत होता. शिकवणाऱ्यानं त्याची बोटं एकेक करून सोडवली आणि त्याला खोल बाजूला ढकललं, 'अशीच भीती जाते' म्हणत. पोर गटांगळ्या खाऊन वर आलं, त्याला बाहेर काढलं, सगळे हसले. त्याची आई माझ्या शेजारी होती, तीही हसली, पण तिचे हात थरथरत होते. तो मुलगा पुन्हा आला नाही. असा माणूस दिसला तर पैसे भरलेले असले तरी पोराला उचल आणि घरी ये. भीती हळूहळू, पोराच्या पावलानं जाते.

शिकून झालं की किती फेऱ्या मारतो हे विचारू नकोस. पाच गोष्टी बघ. डोक्यावरून पाणी जाईल अशा खोल जागी उडी मारून तो स्वतः वर येतो का. मिनिटभर उताणा तरंगतो किंवा जागच्या जागी तग धरतो का. गोल वळून बाहेर पडायची जागा शोधतो का. साधारण पंचवीस मीटर थांबत-थांबत का होईना जातो का. आणि शिडी नसताना काठावर चढतो का. एवढं आलं म्हणजे पाया पडला. एकवीस दिवसांच्या शिबिरात सगळ्यांना येईलच असं नाही, तर पुढच्या सुट्टीत पुन्हा घाल.

गल्लीतून पंधरा-वीस मुलं निघणार असतील तर एक गोष्ट तुमच्यातच ठरवा. एका वेळी एकीची पाळी राखणीची. तिनं तेवढा वेळ पाण्यात उतरायचं नाही, फोन पर्समध्ये, गप्पा बंद, डोळे पाण्यावर. अर्ध्या तासानं बदल. सगळ्याजणी काठावर असल्या की प्रत्येकीला वाटतं दुसरी बघतेय. घाटावर तेच झालं होतं, बाई.

आणि तलावावर शिकलेलं पोर नदीत सुरक्षित झालं असं धरू नकोस. तलावात तळ दिसतो, ओढ नसते, शेवाळ नसतं. नदीत चांगला पोहणाराही जातो. तेव्हा मुलाशी पुन्हा बोल, हात न उगारता. त्याला आधी सांग, 'मी मारायला नको होतं.' मग त्यालाच त्या खड्ड्यापाशी घेऊन जा आणि वरून दाखव : काठ बघ, इथून वर कसा चढशील? त्याला मामाबद्दल सांगितलंयस का? सांगितलं नसशील तर आता सांग. 'पाण्याजवळ जाऊ नको' एवढंच ऐकलेलं पोर लपून जातं, का ते कळलेलं पोर निदान विचारून जातं.

आणखी एक गोष्ट त्याच्याकडून पाठ करून घे. मित्र बुडत असला तर मागोमाग उडी मारायची नाही. एकाला वाचवायला दुसरा आणि दुसऱ्याला वाचवायला तिसरा, असे तिघं-तिघं जातात, आपल्याकडच्या पेपरात तू वाचतेसच. आडवं पडून काठी द्यायची, टॉवेल किंवा ओढणी टाकायची, झाकण लावलेला तेलाचा रिकामा कॅन फेकायचा आणि मोठ्यानं हाका मारायच्या. हे नऊ वर्षांच्या पोराला जमतं. पोहणं, पाण्याजवळची खबरदारी आणि स्वतः न बुडता दुसऱ्याला बाहेर काढणं, हे तिन्ही सहा वर्षांपुढच्या मुलांना शिकवा असं जागतिक आरोग्य संघटनाही म्हणते.

तुम्ही बायकांनी एक दुपार काढून बुडालेल्याला श्वास कसा द्यायचा आणि छाती कशी दाबायची हे एखाद्या डॉक्टरांकडून हातानं करून शिकून घ्या. बाहेर काढलेल्या माणसाला पोटावर घालून फिरवणं, उलटं धरणं, पोट दाबून पाणी काढणं हे अजून गावोगाव चालतं. त्यात मोलाची मिनिटं जातात आणि पोटातलं पाणी फुफ्फुसात जाऊ शकतं. माणूस श्वास घेत नसेल तर त्याला आधी श्वास हवा, मग छाती दाबायची, आणि दुसऱ्या कुणीतरी तेव्हाच ११२ किंवा १०८ ला फोन करायचा.

राहिली तुझी आई. तिला हे दुसऱ्याकडून कळू देऊ नकोस. बॅच सुरू व्हायच्या आधी एका रविवारी पोरांना घेऊन खानापूरला जा. फोनवर नको. मुलगा काय करून बसला होता तेही सांग आणि तू स्वतः पाण्यात उतरणार आहेस तेही सांग. ती रडेल, कदाचित तुला शिव्याही घालेल, 'एक घालवलाय, आता दुसरा घालवू नको' म्हणेल. तिच्याशी वाद घालू नकोस, तलावावर ये असा आग्रहही करू नकोस. तिच्याजवळ बस, ती भावाबद्दल बोलायला लागली तर बोलू दे, पोरांनाही ऐकू दे. आणि जेवल्याशिवाय निघू नकोस.